रान कोणाचे?

युरोप-अमेरिकेच्या लिलावांत जुन्या माउझर धाटणीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलींना आजही गिऱ्हाईक आहे. आफ्रिकेत मोठ्या श्वापदांच्या शिकारीस निघालेला हौशी धनिक ती पारखून घेतो. नळीतील आटे झिजले आहेत काय, जुन्या काडतुसांच्या क्षाराने आत गंज धरला आहे काय, बोल्टवरील क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो काय, हे सारे पाहूनच पैसे मोजले जातात. ज्या भूमीवर ती चालवायची, तिची पारख मात्र कोणी करीत नाही.

माउझरची ही रचना १८९८ सालची, जर्मन सैन्यासाठी सिद्ध झालेली. बर्लिनचे बंदूक-कारागीर ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये तिच्याजोगे ९.३ मिलिमीटरचे काडतूस तयार केले, ते आफ्रिकेतील जर्मन वसाहतवाले व शिकारी यांच्या सोयीसाठी. नेमक्या त्याच काळात, १९०४ ते १९०८ या वर्षांत, आज नामिबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत जर्मन फौजांनी हेरेरो व नामा जमातींचा संहार केला आणि त्यांच्या जमिनी व गुरे हिरावून घेतली. हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य करण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

त्याच नामिबियात आज परदेशी शिकारी उतरतात. दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखाली १९६७ मध्ये गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरील वन्यपशूंवर हक्क मिळाले. सामुदायिक जमिनीवरील काळ्या जनतेस तशा स्वरूपाचे हक्क मिळण्यासाठी स्वतंत्र नामिबियाचा १९९६ चा कायदा यावा लागला. मधली एकोणतीस वर्षे रानातले जनावर गोऱ्यासाठी पीक होते, काळ्यासाठी गुन्हा! आज तेथे ऐंशीहून अधिक ग्रामसमूह आपल्या क्षेत्रातील वन्यपशूंची व्यवस्था पाहतात. शिकारीच्या शुल्काचा वाटा सामुदायिक निधीत जातो, मांस गावात वाटले जाते. तरीही सामुदायिक जमीन शासनाच्याच नावे आहे, आणि खासगी शेतजमिनीचा मोठा भाग गोऱ्यांकडेच आहे.

शिकार सरसकट बंद करा, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतील. आम्हासही या शौकाचे कौतुक नाही. परंतु बंदीने मालकीचा प्रश्न सुटत नाही, हा आपला स्वतःचाच अनुभव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. वनवासी जनतेचे जंगलावरील हक्क मान्य करणारा कायदा होण्यास मात्र २००६ साल यावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत वाघ वाचविण्याच्या नावाखाली कितीतरी गावे उठविली गेली, आणि आपल्याच रानात आदिवासी घुसखोर ठरला.

म्हणून शिकार असावी की नसावी, याचा निर्णय लंडनच्या प्राणिमित्राने करू नये, तसाच तो टेक्ससच्या शिकाऱ्यानेही करू नये. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या हाती आधी जमीन द्या, मग तो निर्णय त्यांच्या ग्रामसभेवर सोपवा. रायफलीचा क्रमांक जुळवून पाहणाऱ्यांनी एकदा त्या भूमीचा सातबाराही उघडून पाहावा. त्यावरील नाव खऱ्या मालकाशी अजून जुळत नाही.