खेडे हा घटक. पण खेड्याची नोंद कोठे?

खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, या चतुःसूत्रीवर सीमावासीयांची मागणी उभी आहे. याच पाटसकर सूत्राने आंध्र-मद्रासची सीमा आखली गेली आणि १ एप्रिल १९६० पासून ती अमलात आली. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला. परंतु आज आमचा प्रश्न परकीयांना नसून स्वकीयांना आहे. ज्या खेड्याला घटक माना म्हणून आपण घसा कोरडा करतो, त्या खेड्याची नोंद आपल्यापैकी किती जणांनी केली?

गावाचे नाव कागदावर असते. गावातल्या जागांची नावे जिभेवर असतात. शिवार कोणत्या बांधाशी संपते, पाणंद कोणाच्या नावाने ओळखतात, वेशीबाहेरचा वीरगळ कोठे आहे, बुजलेल्या तळ्याला काय म्हणत, हे सर्व्हे नंबर सांगत नाही. उतारा क्षेत्र आणि आकार सांगतो, आणि तोही कानडीत! जाणता म्हातारा गेला की नाव गेले. बेळगावभोवतीची शिवारे वसाहतींखाली आणि हलगा-मच्छे बगलरस्त्यासारख्या कामांखाली जात आहेत. जमिनीचा मोबदला मागता तरी येतो. बुडालेल्या नावाचा मोबदला कोणत्या कचेरीत मागणार?

कोणी म्हणेल, नावे लिहून सीमाप्रश्न सुटतो काय? नाही सुटत. पण १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे ‘बेळगावी’ झाले तेव्हा आपण संतापलो, आणि तो संताप रास्तच होता. मग शहराच्या नावासाठी निषेध आणि शिवारातले नाव मेले तर त्याचे सुतकही नाही, हा कोणता न्याय? सरकारने पुसलेल्या नावाची तारीख निदान सांगता येते. आपल्या आळसाने पुसलेल्या नावाला तारीखही नसते.

दुसऱ्या कोणाला भीती वाटते की शोधू गेल्यास कानडी नावे निघतील. निघतीलच! बेनकनहळ्ळीतला ‘बेनक’ म्हणजे कानडी गणपती आणि ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. कंग्राळीचे ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ फारसीतून आले. हलशी ही कदंबांची पलाशिका, आणि या भागातले जुने शिलालेख पुष्कळसे कानडीत आहेत. त्याने आपला दावा लुळा पडत नाही. दावा आज येथे नांदणाऱ्या माणसांच्या भाषेचा आणि इच्छेचा आहे, आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाच्या लिपीचा नव्हे. दगड लपवू पाहणारा पक्ष न्यायालयात जाण्याआधीच मनातून हरलेला असतो.

म्हणून नोंद निर्भेळ हवी. नाव लोक उच्चारतात तसेच लिहावे. त्याला संस्कृताचा मुलामा देऊ नये. दंतकथा ही दंतकथा म्हणून आणि डोळ्यांनी पाहिलेले ते पाहिलेले म्हणून वेगळे मांडावे. वीरगळ आणि सतीशिळा जागेवरून हलवू नयेत, रंगाने माखू नयेत.

यासाठी शासनाचा हुकूम लागत नाही. एक वही, एक जाणता वृद्ध आणि शिवारातून चालण्याची तयारी असलेले दोन तरुण पुरेत. येत्या १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना प्रत्येक गावाने अशी एक वही पुढे ठेवावी. ज्या भूमीसाठी त्यांनी प्राण दिले, त्या भूमीच्या बांधाबांधाचे नाव आपल्याला सांगता येऊ नये, यापरती नामुष्की कोणती?