मर्यादा असावी, पण माप सारखे हवे

ऑनलाइन तक्रार, अर्ज किंवा सूचना लिहायला घेतली की चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलेले दिसते : ‘कमाल ५०० अक्षरे’. बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि अशा चौकटी तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून या आकड्यामागे काय घडते ते वाचकांसमोर मांडतो. वरवर तांत्रिक वाटणारा हा विषय नागरिकांच्या हक्कापर्यंत पोहोचतो.

एक गोष्ट आधीच मान्य करू. मर्यादा असायला हरकत नाही. सभेत एकच वक्ता तासभर बोलत राहिला तर बाकीच्यांची पाळीच येत नाही, म्हणून अध्यक्ष चिठ्ठी पाठवतात. संगणकावरही तसेच आहे. समोर वाचणारा माणूस असतो आणि त्याचा वेळ मोजका असतो. कोणी अख्खे पुस्तक चौकटीत चिकटवले किंवा यंत्राद्वारे कचऱ्याचा मारा केला, तर खऱ्या तक्रारी त्याखाली गाडल्या जातात. तेव्हा ‘बोलण्याला मर्यादा म्हणजे गळचेपी’ असे सरसकट म्हणता येणार नाही.

पण अध्यक्षांचे घड्याळ सर्वांसाठी सारखेच चालावे लागते. इंग्रजीत बोलणाऱ्याला पाच मिनिटे आणि मराठीत बोलणाऱ्याला दोन, असे कोणी केले तर आपण उभे राहून जाब विचारू. संगणकावर हेच घडते आणि कोणाला कळतही नाही.

मोबाइलचा साधा एसएमएस घ्या. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास टंकयंत्रावर सहज सुचतील ती वाक्ये लिहून त्यांची अक्षरे मोजली आणि १६० अक्षरे पुरेशी आहेत असे ठरवले. ती वाक्ये अर्थातच रोमन लिपीत होती. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात. मराठीची किंवा उर्दूची फक्त ७०. इंग्रजी मजकुरात एक जरी मराठी अक्षर आले तरी सगळा संदेश ७० च्या हिशेबात जातो. मराठीतला १६० चिन्हांचा मजकूर पाठवायला तीन संदेश लागतात. घाऊक संदेश पाठवणाऱ्याला म्हणूनच आपली भाषा महाग पडते.

इंटरनेटवर मोजणी निराळी आहे. तिथे प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दू अक्षराला दोन आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मात्रा वेगळी मोजली जाते, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणकाच्या लेखी सहा चिन्हे, १८ बाइट. चिन्हे मोजली तर मराठीवर फारसा अन्याय होत नाही. ‘तक्रार’ सहा चिन्हांची आणि ‘कम्प्लेंट’ इंग्रजीत नऊ अक्षरांचा. पण बाइट मोजले की मराठी तक्रार १८ आणि इंग्रजी नऊ. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये वेगळे सांगितले नाही, तर रकान्याची लांबी बाइटमध्येच धरली जाते. म्हणजे चौकटीखाली ‘५००’ लिहिलेले असते आणि आत मराठीची दोनशे चिन्हेही मावत नाहीत.

जागा संपल्यावर काही प्रणाल्या मजकूर नाकारतात, तर काही निमूटपणे शेवट कापून टाकतात. दुसरा प्रकार अधिक घातक. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटीच. पोटगीसाठी झगडणारी एखादी बाई लिहिते, ‘मला ही तडजोड मान्य नाही’. शेवटचा शब्द कापला गेला तर ती तडजोड मान्य करून बसते! आपले अर्जही घटनाक्रम सांगून शेवटी ‘तरी आपण कारवाई करावी’ या विनंतीवर येतात. कापले जाते ती नेमकी मागणी.

मर्यादा किती यापेक्षा ती ओलांडल्यावर काय होते, हे म्हणूनच महत्त्वाचे. माहिती अधिकाराचे उदाहरण पाहा. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. केंद्राने त्याच वर्षी केलेल्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. केंद्राच्या ऑनलाइन अर्जात ३००० अक्षरांची चौकट आहे. मजकूर त्याहून मोठा असेल तर तो जोडपत्र म्हणून देता येतो. शिस्त राहते आणि दारही उघडे राहते. शिवाय शब्दांचे माप कोणालाही कळते, त्याला लिपीशी देणेघेणे नाही.

‘हे तांत्रिक आहे, बदलता येत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ट्विटरने २०१८ पासून प्रत्येक इमोजी दोन अक्षरांएवढीच मोजायला सुरुवात केली. चौघांच्या कुटुंबाची इमोजी आतून सात संकेतांची असते, तरी दोनच मोजली जाते. ‘स्त्री’ मात्र अजून सहा. युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियमही आला आहे. साधने आहेत, ती वापरा असे सांगणारे आपण हवेत.

नगरपालिका, विद्यापीठ, आयोग किंवा आपलीच संस्था ऑनलाइन अर्ज सुरू करील तेव्हा तीन गोष्टी विचारू या. मराठी आणि उर्दू मजकूर भरून चाचणी घेतली का? किती जागा उरली हे लिहितानाच दिसते का? आणि मजकूर मोठा झाला तर तो न कापता जोडपत्राची सोय आहे का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर मर्यादा खुशाल ५०० ची ठेवा. थोडक्यात लिहिण्याची सवय आपल्यालाही हवीच आहे.