आठ मिनिटांचा हिमालय

भाऊबीजेला केदारनाथाची दारे सहा महिन्यांसाठी मिटतात, आणि त्याच सुमारास आपल्याकडे फराळाच्या ताटाभोवती पुढल्या उन्हाळ्याचे बेत शिजू लागतात. हल्ली त्या बेतांत हेलिकॉप्टर हमखास असते. हरिद्वारहून मोटारीने निघायचे, फाटा नावाच्या गावी उतरायचे, आणि तिथून आठदहा मिनिटांत केदारनाथ! वरून डोंगर दिसतात, वेळ वाचतो, शिवाय परतल्यावर चार घरी सांगता येते.

यंत्राशी आमचे वैर नाही. गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजीला देवापर्यंत नेणारे, दम लागलेल्या रोग्याला खाली आणणारे ते वाहन उपकारीच म्हटले पाहिजे. तक्रार आहे ती धडधाकट प्रवाशांबद्दल. अशक्तांची सोय त्यांनी आपली चैन करून टाकली आहे.

त्या चैनीची किंमत काय, तेही पाहू. केदारनाथ सुमारे ११,७०० फूट उंचीवर. तिथली हवा विरळ, म्हणून यंत्राची ताकद तोकडी पडते. प्रवाशांचे वजन काट्यावर करतात ते उगीच नव्हे. मंदाकिनीची दरी अरुंद, आणि वैमानिकाची भिस्त मुख्यतः स्वतःच्या डोळ्यांवर. ढग उतरला की डोळेच गेले! २०२५ साली ८ मे ते १५ जून एवढ्या अवधीत उत्तराखंडातील यात्रामार्गांवर हेलिकॉप्टरांचे पाच अपघात झाले. त्यांत १३ माणसे गेली. १५ जूनच्या पहाटे गौरीकुंडाजवळ जे सातजण गेले, त्यांत एक तान्हे मूल होते.

दोष कंपन्यांचा आहे, सरकारचाही आहे. तो त्यांच्या पदरात घालावाच. पण ‘आणखी एक फेरी’ कोणासाठी मारली जाते? रांगेत घड्याळ पाहत उभ्या असलेल्या आपल्यासाठीच ना? आणि खालच्या अभयारण्यातल्या कस्तुरीमृगाने दिवसभर हा घरघराट का सोसावा? त्याने तर कुठलेच तिकीट काढलेले नाही.

“पण दृश्य केवढे दिसते!” असे कोणी म्हणेल. दिसते खरे, पण कळत काय? देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी आपापले रंग घेऊन भेटतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागते, हे मोटार थांबवून मुलांना दाखवता येते. रुद्रप्रयागला मंदाकिनी अलकनंदेला मिळते, तेही दाखवता येते. गौरीकुंडापासूनची वाट सुमारे १६ किलोमीटरांची. तिच्यावरचे रामबाडा हे गाव २०१३ च्या जूनमधल्या प्रलयात वाहून गेले, आणि पुढची वाट नदीच्या पलीकडच्या काठाने नव्याने काढावी लागली. चालणाऱ्याला त्या ठिकाणी कोणीतरी बोट दाखवून सांगतो. उडणाऱ्याला ते केव्हा मागे पडले याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा बेत करताना घरातल्यांचे गुडघे आधी तपासा. ज्यांचे चालत नाहीत त्यांना खुशाल उडू द्या, आणि तेही आभाळ स्वच्छ असेल तेव्हाच. बाकीच्यांनी दोन दिवस जास्त काढावेत, लिंचोलीला चहा घ्यावा, दमावे आणि पोहोचावे. रजा पुरत नसेल तर केदारनाथ पुढल्या वर्षीही तिथेच आहे.