अंगण नेमकं कुणाचं?

जानेवारी २०२४ आठवतोय? पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीवरून मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं आणि आपल्या मोबाइलवर ‘बॉयकॉट मालदीव’ची लाट आली. त्या तिघांना त्यांच्याच सरकारने निलंबित केलं, तरी आपण थांबलो नाही. राग समजण्यासारखा होता. सूर मात्र खटकणारा होता : आमच्या अंगणात राहून आम्हालाच डोळे दाखवता?

हे ‘अंगण’ प्रकरण जुनं आहे. १८२३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांनी युरोपीय सत्तांना बजावलं, की आमच्या गोलार्धात ढवळाढवळ नको. पुढे याच धोरणाचा आधार घेऊन अमेरिकेने लॅटिन अमेरिकेतल्या देशांत आपलं सैन्य उतरवलं. २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला. युक्रेनने ‘नाटो’त जायचं की नाही, हे जणू मॉस्कोनेच ठरवायचं! ही दादागिरी आपल्याला लगेच दिसते. आपल्या दारातली दिसते का?

२०१५ मध्ये नेपाळ भूकंपातून सावरत होता. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली आणि भारताच्या सीमेवर ट्रक अडकले. नाकाबंदी आम्ही केलेली नाही, मधेशी आंदोलकांमुळे वाट बंद आहे, असं दिल्ली सांगत राहिली. पण गॅस, पेट्रोल, औषधांसाठी वणवण करणाऱ्या नेपाळी माणसाने राग काढला तो आपल्यावरच. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनमार्गे मालवाहतुकीचा करार केला. ज्याला लांब ठेवायचं, त्यालाच आत यायला वाट मिळाली.

चीन काही दानशूर नाही, हे मान्य. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. त्यामुळे सावध राहायलाच हवं. पण शेजारी धाकाने आपला होतो का? ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आलेले मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू यांनी जुलै २०२५ मध्ये स्वातंत्र्यदिनाला आपल्याच पंतप्रधानांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मधल्या काळात काय घडलं? मालदीवची तिजोरी आटली असताना भारताने ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदलीची सोय दिली. हॅशटॅगने जे जमलं नाही, ते अडीनडीला केलेल्या मदतीने जमलं.

पुढचा हॅशटॅग येईलच. फॉरवर्ड करण्याआधी एवढंच करा : त्यातलं भारताचं नाव काढून चीनचं घाला आणि शेजाऱ्याच्या जागी भारत ठेवा. मग वाचून बघा, कसं वाटतं ते.