चौथा पाद सभेबाहेर

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी पाठ केले. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रोग्याला या चतुष्पादात स्थान दिले आणि वैद्याप्रमाणेच त्याच्याकडूनही चार गुणांची अपेक्षा केली. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते गुण. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्याधीचे यथार्थ वर्णन वैद्यासमोर करता येणे. हा गुण गृहीत धरूनच प्रश्नपरीक्षेला शास्त्रात स्थान मिळाले. जो रोग भोगतो त्याला काही असे ठाऊक असते की जे वैद्याला विचारल्याशिवाय कळत नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

एका रुग्णाच्या बाबतीत जे आपण निर्विवाद मानतो, ते समाजाच्या व्याधीच्या बाबतीत मात्र विसरतो. व्यसन आणि बेघरपण या दोन प्रश्नांवर धोरण ठरविणाऱ्या समित्यांची रचना पाहावी. प्रशासन असते, पोलीस असतात, उत्पादन शुल्क, आरोग्य व समाजकल्याण विभागांचे प्रतिनिधी असतात, एखादी स्वयंसेवी संस्था असते; क्वचित आपल्यापैकी एखादा वैद्यही असतो. दारू सोडून दहा वर्षे झालेला मनुष्य किंवा बडनेरा स्थानकाच्या फलाटावर पावसाळे काढलेली स्त्री तेथे सहसा नसते. तीन पाद बैठकीला हजर आणि चौथा दाराबाहेर, अशी ही स्थिती आहे.

याचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ऐरणीवर आला तो जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत. पुढे मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण ठरले. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख; म्हणजे या हिशेबाने अनुक्रमे सहा आणि चार निवारे हवेत. संख्येचा हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याहून मूलभूत प्रश्न असा की, वऱ्हाडातला बेघर मनुष्य कशाने मरणाच्या दारी जातो? आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. येथे जीवघेणी असते ती दुपार. निवारा हा शब्द मात्र कारभाराच्या मनात 'रात्र' या शब्दाशी असा जखडला गेला आहे की, सकाळी अंथरूण गुंडाळून बाहेर पडावे हाच रिवाज वाटतो. निवारे चोवीस तास खुले असावेत असे न्यायालयाने सांगितले असले, तरी अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी पंखा, माठ आणि सावली यांनाच निवारा म्हणतात, हे फुटपाथवर उन्हाळा काढलेला कोणीही पहिल्याच बैठकीत सांगेल.

दुसरे उदाहरण आपल्या शास्त्राच्या अधिक जवळचे आहे. निवाऱ्याच्या नियमफलकावर सहसा एक ओळ असते : मद्यप्राशन केलेल्यास प्रवेश नाही. इतर रहिवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी तिची गरज पटते. पण दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी मद्य बंद केले तर कंप, भ्रम, प्रलाप, क्वचित आक्षेपापर्यंत मजल जाते, हे आपण रुग्णांत पाहतो. अहितकर सवय पादांशिक क्रमाने सोडावी, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे, आणि आजच्या काळात तीव्र लक्षणे असणाऱ्यास रुग्णालयातच हलवावे लागते. म्हणजे ज्या रात्री त्याला छपराची आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाची सर्वाधिक गरज असते, त्याच रात्री नियम त्याला बाहेर ठेवतो. वेगळी खोली, वेगळे दार, रुग्णालयाशी जोडलेला दूरध्वनी असे मार्ग निघू शकतात. पण ते सुचायला त्या दारातून परत फिरलेला कोणीतरी चर्चेत असावा लागतो.

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. शेंडगावच्या डेबूजींचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले आणि आई सखुबाई त्या लहानग्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आश्रयाला आली. व्यसनाने उद्ध्वस्त झालेले घर या मुलाने आतून पाहिले होते. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने दारू आणि मटणाची रूढी मोडून गोडाचे जेवण घातले. घर सोडल्यावर अर्धशतक तो अनिकेत राहिला आणि त्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांना उतरण्याची सोय केली. रुग्णाबरोबर परगावी गेलेल्या माणसाला औषधाइतकीच पथारीची चिंता असते, हे ज्याने स्वतः उघड्यावर रात्री काढल्या त्याला उमगले. गाडगेबाबांचे नाव आपण विद्यापीठाला दिले, स्वच्छता अभियानाला दिले. त्यांच्यासारखे भोगून शहाणे झालेल्यांना धोरणाच्या बैठकीत खुर्ची देणे मात्र राहून गेले.

ही मागणी कायद्याच्या दृष्टीनेही अपूर्व नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोविकारांचा अंतर्भाव मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. आणि राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, तसेच शुश्रूषा करणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असावेत असे स्पष्ट लिहिले. जे राज्यस्तरावर विहित आहे ते जिल्ह्यात का नसावे? दारू दुकानाच्या प्रश्नावर 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांना निर्णयाचा अधिकार मिळाला, हेही याच दिशेचे पाऊल होते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांनी समुपदेशनाचा मोठा भार उचलला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. उरलेले ३७ का येत नाहीत, हे त्या ३७ जणांत कधीकाळी मोडणाराच सांगू शकेल.

आक्षेप अपेक्षित आहेत. व्यसनी माणसाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? नुसत्या अनुभवाने धोरण कळते काय? यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चरकांनीच दिले आहे. वनौषधींची नावे व रूपे गुराख्यांना, धनगरांना ठाऊक असतात, असे ते मान्य करतात. मात्र तेवढ्याने योजना कळत नाही, असेही बजावतात. म्हणून अनुभवी माणसाने वैद्याची जागा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. पण गुराख्याला न विचारता रानात शिरणारा वैद्यही वनस्पती ओळखू शकणार नाही. पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच की, व्यसन पुन्हा जडणे हा व्याधीचा स्वभाव आहे. मद्य सोडून ते सहसा अतिमात्र घेणाऱ्यास होणाऱ्या ध्वंसक आणि विक्षय या अवस्था मदात्ययाच्या अध्यायात वर्णिलेल्या आहेत. ज्या शास्त्राने पुनरावर्तनाला व्याधी मानले, त्याच्या अनुयायांनी त्याला अपात्रतेचे प्रमाणपत्र समजू नये.

खरा धोका शोभेच्या प्रतिनिधित्वाचा आहे. हार घालून व्यासपीठावर बसवायचे, 'आपली कहाणी सांगा' म्हणायचे आणि ठराव आधीच टंकलिखित करून ठेवायचा, हा प्रकार अपमानास्पद ठरेल. म्हणून काही अटी आवश्यक वाटतात. जिल्ह्याच्या व्यसनमुक्तीविषयक समितीत आणि दोन्ही शहरांच्या निवारा समित्यांत अशा किमान दोन जागा असाव्यात, त्यांतील एक स्त्रीची. निवड अधिकाऱ्यांनी न करता स्वमदत गटांनी आणि निवाऱ्यातील रहिवाशांनी करावी. त्यांना मताचा अधिकार असावा. सकाळी अकराच्या बैठकीसाठी मजुराची रोजी बुडते. तेव्हा बैठक सायंकाळी घ्यावी, नाहीतर त्या दिवसाची मजुरी द्यावी. ज्याला नाव उघड करायचे नसेल त्याचे नाव इतिवृत्तात गुप्त राहावे.

यासाठी शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या संघटनेच्या येत्या परिसंवादात मदात्ययावर चर्चा ठेवली, तर चार व्याख्यात्यांपैकी एक व्याख्यान मद्यमुक्त व्यक्तीचे असावे, आणि तेही निरोपाच्या चहाच्या आधी उरलेल्या पाच मिनिटांत नव्हे. व्यसनमुक्तीची शिबिरे भरविताना वेळ आणि जागा ठरविण्यापूर्वी अशा दोन व्यक्तींशी बोलून घ्यावे. अमरावती आणि अकोला शाखांनी मिळून वरील अटींचे निवेदन दोन्ही जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना द्यावे. ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण आहे असे आपण परीक्षेत लिहिले होते; आता ते बैठकीत मान्य करून दाखवावे.