मजुरी पाना उचलण्याआधीच सुरू होते

जुनी मोटार गॅरेजमध्ये टाकताना आपण मिस्त्रीला दोनच प्रश्न विचारतो. गाडी कधी मिळेल आणि पैसे किती होतील? तिसरा प्रश्न आपण विचारत नाही. तो म्हणजे, काम सुरू करण्याआधी तयारीला तुम्हाला किती दिवस लागतील? या न विचारलेल्या प्रश्नापायी गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात किती तंटे होतात, ते गॅरेजच्या बाकड्यावर तासभर बसणाऱ्याला दिसते.

जुन्या मोटारीचा ओतीव मॅनिफोल्ड काढून त्या जागी पाइपचे हेडर बसवणे, हे अशा तंट्याचे नमुनेदार उदाहरण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या कामाची अर्धी मजुरी पहिला नट सैल होण्याआधीच झालेली असते. ती कारागिराने संकोच न करता मागावी आणि गिऱ्हाइकाने कुरकुर न करता द्यावी. कापडाचा व्यापारी मोटारीच्या कामात नाक का खुपसतो, असे कोणी म्हणेल. पण ताणा नीट मांडला नाही तर मागावर कितीही चांगला विणकर बसवा, कापड बिघडणारच, हे आपल्याला माहीत आहे. तोच कायदा येथेही लागू आहे.

हेडर म्हणजे काय

इंजिनमध्ये जळालेला धूर बाहेर पडताना आधी ओतीव लोखंडाच्या एका जाड भागात येतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून तो सायलेन्सरकडे जातो. हेडरमध्ये या ओतीव भागाऐवजी प्रत्येक दाराला वाकवलेला वेगळा पाइप असतो आणि हे पाइप पुढे जाऊन एकत्र मिळतात. धुराला वाट मोकळी मिळते हे खरे. परंतु नुसते हेडर लावल्याने जुन्या गाडीची ताकद फारशी वाढत नाही, कार्बोरेटरचे मिश्रणही त्याला जुळवून घ्यावे लागते. तेव्हा केवळ शौकापायी हा खर्च करू नये. मॅनिफोल्डला तडा गेला आहे आणि तसाच चांगला जुना मिळत नाही, अशा वेळी मात्र हेडर हा उपाय ठरतो.

ॲम्बेसेडरचे उदाहरण घेऊ. मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर बनलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणे 2014 साली बंद झाले. तिच्या जुन्या 1,489 सीसी पेट्रोल इंजिनाला सिलिंडर चार, पण धुराची दारे तीनच आहेत. मधले दार दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे सामाईक. पेट्रोल आणि हवा आत नेणारा मॅनिफोल्डही त्याच बाजूला, त्याच पॅकिंगवर बसतो. काही नट तर असे की, एकाच जाड वॉशरखाली दोन्ही मॅनिफोल्ड दाबून धरतात. नव्वदच्या दशकात याच गाडीत इसुझूचे 1,800 सीसीचे इंजिनही येऊ लागले, त्याची रचना निराळी. म्हणून 'ॲम्बेसेडरचे हेडर द्या' एवढे सांगून माल आणणे म्हणजे माप न देता कापड फाडून घेण्यासारखे आहे.

घाई माझी, नुकसान दोघांचे

माझ्या 1978 च्या ॲम्बेसेडरचा मॅनिफोल्ड तडकला, तेव्हा माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने हेडर बनवून घ्यायचे सुचवले. तो म्हणाला, "चाचा, गाडी आजच ठेवून जा. तीन दिवस मी फक्त तेल सोडणार, चौथ्या दिवशी पाना लावणार." मी म्हणालो, "तेल सोडायला तीन दिवस? रविवारी मला नाशिकला लग्नाला जायचे आहे." बारा वर्षांचे गिऱ्हाईक मोडू नये म्हणून बिचाऱ्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गंजलेला नट हटेना म्हणून पान्याला लांब पाइप अडकवून जोर दिला गेला. स्टड हेडच्या आतच तुटला. तो काढण्यासाठी भोक पाडताना ड्रिल तिरके गेले आणि लोखंडाचा कण शागीर्दाच्या डोळ्यात गेला. त्या पोराला चष्मा कोणी दिला नव्हता. डॉक्टरांनी कण काढला, डोळा वाचला. पण शेवटी हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागले. चार दिवसांचे काम सतरा दिवसांवर गेले. बिलावरून मी चढ्या आवाजात बोललो आणि आमचा सलाम-दुवा बंद झाला. सगळ्या गॅरेजला मी त्याची चूक सांगत फिरलो. त्याने मागितलेले तीन दिवस मीच काढून घेतले होते, हे मात्र कोणाला सांगितले नाही.

आधीचे तीन दिवस

हे तीन दिवस कशासाठी लागतात, ते गिऱ्हाइकाने समजून घेतले पाहिजे. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन नट आणि स्टड गंजाने एकजीव झालेले असतात. वायर ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल दोन-तीन संध्याकाळी पुन्हा पुन्हा सोडले, म्हणजे ते आत झिरपते. इंजिन कोमट असताना सोडले तर अधिक चांगले, मात्र लालबुंद तापलेल्या भागावर तेल टाकू नये, ते पेट घेते. नट खोलण्याआधी त्याला किंचित आवळून पाहावे, म्हणजे गंजाची पकड सुटते. तरीही हटला नाही तर थांबावे. कार्बोरेटर आणि पेट्रोलचा पाइप आधी काढून दूर ठेवावा, मगच गॅसच्या ज्योतीने नट तापवावा. त्यानेही भागले नाही तर छिन्नीने नट चिरून काढावा. नट दोन-चार रुपयांचा असतो, पण स्टड तुटला की अख्खे हेड उतरते.

याच दिवसांत बाकीची पाहणीही होते. इंजिनचे रबर माउंटिंग बसले असेल तर ते आधी बदलावे. हेडर लावल्यावर बदलले तर इंजिनची जागा हलते आणि पाइप कोठेतरी टेकतो. जुने पॅकिंग आणि पाइपावरची गुंडाळी यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये, हवेच्या नळीने उडवू नये. पाण्याने भिजवून काढावे आणि पिशवीत बांधून टाकावे. ही धूळ छातीत गेली तर तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनीही दिसतो. शागीर्द पोरे अजून कोवळी आहेत, याचे भान उस्तादाने ठेवले पाहिजे.

हत्यारे कोणती हवीत

या गाडीचे नट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. घाईत 13 चा पाना लावला जातो, तो ढिला बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. म्हणून इंची मापाचा सहा कोनी गोटी पाना, रिंग पाना आणि अडचणीच्या जागेसाठी लांब एक्स्टेन्शन, एवढे तरी हाताशी असावे. त्याशिवाय सेंटर पंच, चांगली ड्रिल, आटे साफ करायचा टॅप, सपाट कानस, फीलर गेज आणि टॉर्क पाना लागतो. 5/16 इंची स्टडला साधारण 15 फूट-पौंड पुरतात. हाताच्या अंदाजाने त्याच्या दुप्पट जोर सहज लागतो आणि नवा स्टडही तुटतो.

गाडी उचलायची असेल तर जॅक हा फक्त उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटांचा थर म्हणजे घोडी नव्हे, वीट ठिसूळ असते आणि एका क्षणात फुटते. बॅटरीची तार काढून ठेवावी. डोळ्यांचा चष्मा आणि हातमोजे यांचा खर्च एका जेवणाइतका असतो. त्यावाचून काय होते ते वर सांगितलेच आहे.

बसवण्याआधी बसवून पाहा

कारागिराकडून हेडर बनून आले की ते लगेच आवळू नये. प्रथम पॅकिंग त्याच्या तोंडावर ठेवून भोके आणि दारे जुळतात का ते पाहावे. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी वाकते. म्हणून ती जाड काचेवर ठेवून फीलर गेज घालून तपासावी आणि फट दिसली तर घासून सरळ करून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेडरच्या पट्टीची जाडी. ॲम्बेसेडरमध्ये एकच वॉशर दोन्ही मॅनिफोल्ड दाबतो. हेडरची पट्टी शेजारच्या मॅनिफोल्डपेक्षा पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू सैल राहते आणि पॅकिंग जळत राहते. तीन वेळा पॅकिंग बदलून थकलेल्या माणसाने आधी ही जाडी मोजावी.

गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळतो म्हणून हेडर त्याचे बनवू नये. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो आणि त्याला थंडी-ताप भरतो.

मग पॅकिंग न लावता हेडर नुसते टांगून पाहावे. पेट्रोलचा पाइप, वायरी, बॉडी आणि चेसिस यांच्यापासून बोटभर तरी अंतर हवे, कारण इंजिन चालताना हलते. पेट्रोलच्या पाइपाला उष्णता लागत असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. नवे स्टड, पितळी नट आणि आट्यांवर तांबेयुक्त ग्रीस लावले तर पुढच्या वेळी खोलताना कोणी शिव्या देणार नाही. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत जावे. गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत.

धूर कोठून गळतो का, हे पाहिल्याशिवाय गाडी देऊ नये. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि काचा बंद करून मुलाबाळांसह जाणाऱ्या माणसाचा तो जीव घेऊ शकतो.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या फेरफारावर बंधने घालते आणि 1989 च्या केंद्रीय नियमांतील नियम 120 प्रमाणे सायलेन्सर असलाच पाहिजे. हेडर लावले म्हणून सायलेन्सर काढून आवाज करीत फिरणे म्हणजे दंडाला आमंत्रण. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. जुनी गाडी ठेवणाऱ्याने त्या तपासणीत अडकेल असा उद्योग करू नये. कार्बोरेटरचे मिश्रण जुळवून धुराची तपासणीही नव्याने करून घ्यावी.

हिशेब आधी, पाना नंतर

आता मूळ मुद्दा. आपले कारागीर मजुरी सांगतात ती फक्त खोलण्या-बसवण्याची. तेल सोडण्याचे दिवस, पट्टी घासण्याचा वेळ, टांगून पाहण्याची मेहनत, हे सगळे ते फुकटात घालतात किंवा घालतच नाहीत. फुकट करावे लागणारे काम घाईत उरकले जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. माझी गॅरेजवाल्या भावांना विनंती आहे की, साध्या वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून द्याव्यात. तयारीचे एवढे दिवस आणि एवढी मजुरी. बसवण्याची एवढी. स्टड तुटलाच तर वरचा खर्च एवढा आणि तो कोणी सोसायचा. खाली दोघांच्या सह्या. ज्याला हे पटत नाही ते गिऱ्हाईक गेलेलेच बरे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही सांगणे आहे. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये गेली. या जुन्या गाड्यांबरोबर त्यांना ओळखणारे हातही कमी होत आहेत. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात सुटा भाग एखाद्या वेळी मिळेल, पण नट किती हटेल आणि कोठे थांबायचे हे बोटांनी ओळखणारा माणूस तेथे विकत मिळत नाही. त्याला घाई लावून आपण त्याचेच हुनर बिघडवतो.

गेल्या वर्षी मी त्या मिस्त्रीकडे गेलो आणि न दिलेल्या तीन दिवसांची मजुरी त्याच्या हातावर ठेवली. तो घेईना. शेवटी म्हणाला, "चाचा, पैसे राहू द्या. पुढच्या वेळी गाडी आणाल तेव्हा दिवस द्या." मी गाडी तेथेच ठेवून रिक्षाने घरी आलो.