मांजर कोपऱ्यात का बसते?

पावसाची झड लागली, की घरोघरी एक तक्रार हटकून ऐकू येते. एरवी परसात जाऊन, पंजाने माती उकरून, आपले काम उरकून पुन्हा ती माती सावरून येणारे शहाणेसुरते मांजर एकाएकी घरातच लघवी करू लागते. कधी भाताच्या कणगीमागे, कधी धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर, तर कधी मुलांच्या गोधडीवर. वास तर असा, की दोनदा फडके फिरवूनही पाहुण्याला उंबरठ्यावरच कळावे. घरधनी चिडतो, आजी 'खोड लागली' असा निवाडा देते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून देण्याची भाषा सुरू होते. कित्येक घरांत ती भाषेवरच थांबत नाही.

आजीबाईंच्या ह्या निवाड्याला आमची हरकत आहे. सूड उगवावा म्हणून गोधडी भिजविणारे मांजर अजून कोणी पाहिलेले नाही. त्याला दुखत असते, किंवा नेहमीची जागा नकोशी झालेली असते, किंवा ते आपली हद्द आखीत असते. ह्यांपैकी काय घडते आहे, हे फडके हाती घेण्यापूर्वी दोन मिनिटे उभे राहून पाहिले तर बहुधा कळते. एका प्रसंगी तर ह्या दोन मिनिटांवर मांजराचा जीव अवलंबून असतो. म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

बोका वारंवार लघवीच्या पवित्र्यात बसतो, जोर करतो, कण्हतो किंवा ओरडतो. आणि खाली पाहावे तर जमीन कोरडी. फार तर थेंब-दोन थेंब, तेही कधी तांबूस. मध्येच उठून तो लघवीची जागा चाटीत राहतो. पुष्कळ घरी हे बद्धकोष्ठ समजले जाते आणि त्याला एरंडेल पाजण्यात येते. वास्तविक बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी अतिशय निरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट स्राव व वाळूसारखे कण ह्यांचा बोळा तेथे अडकला, की लघवी तुंबते, मूत्राशय चेंडूसारखा टणक होतो, मूत्रपिंडांचे काम थंडावते, आणि लघवीवाटे बाहेर पडावयाचे पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची गती मंदावू लागते. संपूर्ण तुंबलेल्या बोक्याची प्रकृती एका दिवसातच चिंताजनक होते आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत तो दगावतो. ओकाऱ्या होऊ लागल्या, तो मलूल होऊन पडून राहिला, म्हणजे फारच थोडा वेळ हाती आहे असे समजावे.

अशा वेळी 'उद्या सकाळी पाहू' म्हणू नये. पोट दाबून लघवी काढण्याचा खटाटोपही करू नये; फुगलेला मूत्राशय त्याने फुटू शकतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची वर्दळ असते आणि 'मांजर कशाला आणले?' असा चेहरा एखादा शिपाई करील. तरी संकोच न करता 'बोक्याची लघवी तुंबली आहे' हे नेमके शब्द डॉक्टरांच्या कानी घालावेत. त्यांना तेवढे पुरे असते. ते बोक्याला गुंगी देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात; पुढे काही दिवस सलाइन व देखरेख लागते. तेथे सोय नसेल तर ती कोठे मिळेल हे तेथेच विचारून तसेच पुढे निघावे. इंदूरकडील वाचकांना महू येथील, बडोद्याकडील वाचकांना आणंद येथील आणि हैदराबादकरांना राजेंद्रनगर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे ध्यानात असू द्यावे. भाटीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने तिच्यावर हा प्रसंग क्वचितच येतो. वेदना मात्र तिलाही होतात.

येथे एक धोक्याची सूचना. मांजर कण्हते म्हणून दया येऊन घरातील तापाची गोळी चुरून त्याला कधीही देऊ नये. क्रोसिन आदी नावांनी मिळणारे पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एका गोळीनेही ते मरू शकते. आपल्या यकृतात हे औषध निरुपद्रवी करून टाकण्याची जी व्यवस्था आहे, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते.

आता बोका तुंबलेला नाही, लघवी होते, पण थोडी थोडी, दहा ठिकाणी, जोर करून, कधी रक्तासह. हे काय असावे? तरुण किंवा मध्यमवयीन मांजर असेल तर जंतूंचा दोष असण्याचा संभव थोडाच. म्हणून घरात उरलेल्या जंतुनाशक गोळ्या देऊन उपयोग होत नाही. अशा मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत तपासण्या करूनही खडा सापडत नाही, जंतू सापडत नाहीत. मूत्राशयाचा दाह तेवढा दिसतो. त्याचा संबंध मनाच्या ताणाशी आहे, असे आता जाणकार मानतात. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन ह्यांनी ह्या विषयावर अनेक वर्षे काम केले. २००६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विकाराच्या ४६ घरबंद मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मांजरांना लपावयास जागा, चढावयास उंचवटा, खेळ, स्वच्छ पेटी आणि शांतता मिळेल अशी घराची मांडणी मालकांकडून बदलून घेतली, तेव्हा लघवीच्या तक्रारी पुष्कळ उणावल्या.

आमच्या वाचकांना ह्याचा पडताळा आपल्याच घरी पाहता येईल. नाताळात पाहुण्यांनी घर भरते, दारात फटाके वाजतात, परके कुत्रे अंगणात येते, नवे मूल पाळण्यात येते, आणि दोन दिवसांत मांजर कोपऱ्यात बसून जोर करू लागते. त्या दिवसांत माळ्यावर किंवा आतल्या खोलीत एक खोके, जुने लुगडे, पाणी आणि वाळूचे घमेले ठेवून मांजराला तेथे सुखाने राहू द्यावे. हा दाह बहुधा आठवड्याभरात आपोआप शमतो. म्हणूनच ह्या विकारावर गावोगावी मुळ्या, काढे आणि जवाचे पाणी ह्यांची ख्याती झालेली आहे. पाचव्या दिवशी दिलेल्या औषधाला सातव्या दिवसाचे श्रेय मिळते. मात्र तो पुन्हा उलटतो, आणि बोक्यात मार्ग तुंबण्याची सुरुवात अशाच दाहातून होऊ शकते. म्हणून ज्या बोक्याला एकदा ही तक्रार झाली, त्याची लघवी रोज होते की नाही, हे घरातील कोणी तरी एकाने पाहत जावे.

ह्या साऱ्याच्या मुळाशी मांजराचा जुना स्वभाव आहे. जगातील सर्व पाळीव मांजरे पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील रानमांजरापासून आली, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले. वाळवंटी जनावर पाणी थोडे पिते आणि लघवी अत्यंत दाट करते. उंदीर खाऊन जगणाऱ्याला ते चालते, कारण उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणीच असते. आजकाल खेड्यांतल्या दुकानांतही मिळू लागलेल्या सुक्या दाणेदार खाद्यात ते जेमतेम १० टक्के असते. दाट लघवीत खडे धरतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट ह्यांचा खडा विशेष आहाराने विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. कोणता आहे हे तपासणीवाचून कळत नाही, म्हणून ऐकीव पथ्ये करू नयेत. पाणी अधिक पोटात जाणे मात्र कोणत्याही प्रकारात हिताचेच. मासळी उकडून तिच्या पाण्यासकट भातात कालवून द्यावी; मीठ घालू नये. खारवलेली सुकट रोज देऊ नये. आपल्या ताटातले कालवण तर नकोच; त्यातील कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या थाळीपासून दूर ठेवावीत. दूध हे पाण्याच्या जागी नव्हे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही.

काही वेळा मांजराची प्रकृती ठणठणीत असते आणि तक्रार केवळ जागेची असते. पावसाळ्यातली तक्रार बहुतेक ह्याच जातीची. परसात चिखल झाला. मांजराला तर कोरडी, भुसभुशीत, उकरता येईल अशी जमीन हवी. म्हणून ते थंड झालेल्या चुलीतील राखेत बसते. त्यात त्याचे काय चुकले? मृगापूर्वीच दोन पोती कोरडी वाळू पडवीत किंवा बाल्कांवाच्या कोपऱ्यात भरून ठेवावी. उथळ घमेल्यात चार बोटे वाळू घालून ते शांत जागी ठेवावे. जेवणाच्या थाळीशेजारी नको आणि मिक्सर गुरगुरतो तेथेही नको. मांजरे जितकी, त्याहून एक घमेले अधिक, असा जाणकारांचा नियम आहे. घाण रोज काढावी, वाळू आठवड्याने बदलावी. घरात गर्भवती असेल तर हे काम तिने करू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. मात्र बाहेर पडल्यावर बाधक होण्यास त्याला एक दिवस तरी लागतो, म्हणूनही घाण रोजच्या रोज काढावयाची. मांजराचे नाक लघवीत घासणे, झाडूने बडविणे ह्यांनी ते एवढेच शिकते, की माणसाच्या नजरेआड बसावे. मग ते कणगीमागे जाते.

वास राहिला, की मांजर पुन्हा त्याच जागी येते. म्हणून पुसण्याची रीत नीट असावी. ओले असतानाच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, गार पाण्याने धुवावे, नंतर एन्झाइम असलेली कपड्यांची भुकटी पाण्यात कालवून ती जागेवर काही वेळ राहू द्यावी, पुन्हा धुऊन सुकवावे. गोधडीला कडक ऊन द्यावे. शेणाने सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते. वरून नुसते सारवल्याने वास झाकला जातो तो आपल्यापुरता, मांजराला तो येतच राहतो. तेवढा पोपडा खरवडून काढून, जागा सुकू देऊन मग सारवावे. फिनेल मात्र वापरू नये. काळ्या फिनेलमध्ये फिनॉल जातीची द्रव्ये असतात. मांजर ओल्या फरशीवरून चालते, पंजे चाटते, आणि पॅरासिटामॉलप्रमाणेच हे विषही त्याच्या यकृताला आवरत नाही. ब्लीचिंग पावडरही लघवीवर टाकू नये. लघवीतील अमोनियाशी मिसळून तिच्यातून घशाला व छातीला अपायकारक वायू निघतो.

उभ्याने, शेपूट ताठ करून, ती थरथरवीत दाराच्या चौकटीवर किंवा कपाटावर पिचकारी मारणारा बोका आजारी नसतो. तो शेजारच्या बोक्यांना आपली हद्द कळवीत असतो. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य भरपूर असते. त्या उग्र वासाचे मूळ तेच. बोका पाच-सहा महिन्यांचा होताच त्याची नसबंदी करून घ्यावी. दहांपैकी सुमारे नऊ बोके त्यानंतर ही सवय सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. नसबंदीने बोका उंदीर मारीनासा होतो, ही समजूत निराधार आहे.

राहता राहिले म्हातारे मांजर. दहा-बारा वर्षांची भाटी भांडेभर पाणी पिऊ लागली, मोठी मोठी थारोळी करू लागली, आणि खाऊनही वाळत चालली, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो. ह्या वयात जंतूंचा दोषही अधिक आढळतो. रक्ताची व लघवीची तपासणी एकदा तरी करून घ्यावी. लघवी घरात होते म्हणून तिचे पाणी तोडणे हा उपाय घरोघरी सुचतो आणि तोच तिला सर्वांत लवकर मारतो. तिचे सांधे दुखत असतात. घमेल्याचा काठ ओलांडणे तिला जमत नाही. जुन्या पत्र्याच्या डब्याची एक बाजू जमिनीसरशी कापून, कड आत दुमडून, वाळू भरून तो तिच्या झोपण्याच्या जागेपासून चार पावलांवर ठेवावा, आणि रात्री तेथे एक मिणमिणता दिवा असू द्यावा.